मिरचीचा कण आणि माल्सुन वहिनी

इकडे कोरियात, आमच्या डोंगरावरच्या मठात पाय ठेवणारी प्रत्येक बाई बोसल होते. बोसल म्हणजे बोधिसत्त्व. मग ती घरी सुनेला कशी वागवते, शेजारणीची कोंबडी कुणाच्या परसात अंडं घालते आणि ते कुणाच्या कालवणात जातं, हे कुणी विचारत नाही. उंबरा ओलांडला की बोसल. माझं दुकान मठाच्या पायवाटेच्या तोंडाशी आहे. त्यामुळे या बोसलांना मी चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा ऐकलं आहे. चढताना त्या हळू आणि देवाधर्माचं बोलतात. ऐकण्यासारखं असतं ते उतरतानाचं.

आज सांगतोय ती माझी चुलत वहिनी, प्यो माल्सुन. हे नाव मी असं उघड लिहिलेलं तिला मुळीच खपलं नसतं. पण आता ती डोंगरामागे चेस्टनटच्या झाडाखाली शांत झोपली आहे, आणि मी अजून जागा आहे.

माल्सुन म्हणजे शेवटची. घरात मुलीच मुली व्हायला लागल्या, तेव्हा बापाने हिचं नाव असं ठेवलं की वर जो कुणी बसला असेल त्याला कळावं, आता पुरे. आणि झालं काय, हिच्या पाठीवर खरंच मुलगा झाला. सगळं गाव म्हणालं, नाव लागू पडलं! हिला मात्र आयुष्यभर त्याच नावाने हाका. "ए शेवटची, पाणी आण." "शेवटची कुठे मेली?" लग्न करून आमच्या घरात आली तरी नाव काही माहेरी राहिलं नाही.

माझा चुलतभाऊ, म्हणजे तिचा नवरा, गेल्यावर ती मठाच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. मठ भिक्खुणींचा. त्यांना आम्ही सुनीम म्हणतो. थोरल्या सुनीम तेव्हाच म्हाताऱ्या होत्या, डोळ्यांत पडदा आलेला, पण कान कोल्ह्याचे. त्यांनी वहिनीला दीक्षेचं नाव दिलं, मुआसिम. म्हणजे 'मी' नसलेलं मन. असं भरजरी नाव तिच्या अंगावर पहिल्यांदाच पडलं. त्या दिवशी ती डोंगर उतरली ती नव्या नवरीसारखी, आणि तिथून पुढे माल्सुन या हाकेला तिने मान वळवली नाही.

एकदा टपालवाला दारात उभा राहून घसा फोडत होता आणि ही आत मेथीएवढ्या बारीक पाल्यातून काड्या निवडत बसलेली.

मी म्हटलं, "वहिनी, तो केव्हाचा ओरडतोय."

"इथे माल्सुन कोणी राहत नाही."

"मग कोण राहतं?"

"मुआसिम."

"म्हणजे 'मी' नसलेली. मग बरोबर आहे, सांगतो त्याला, घरात कोणी नाही."

त्या दिवशी मला तिथे जेवायला मिळालं नाही.

पण कामाला वाघीण. एकदा ठरवलं की ठरवलं. मठाचा रस्ता खचला त्या वर्षी बाकीच्या बायका ट्रॅक्टरची वाट बघत बसल्या, आणि हिने मिठाची पोती पाठीवर बांधून एकेक करून वर नेली. वर पोचल्यावर मात्र ती पोतं खाली ठेवायची नाही. कोणीतरी अंगणात येईपर्यंत तशीच वाकून उभी राहायची. नमस्कार घालायची तो सगळ्यांहून खाली, आणि उठायची सगळ्यांच्या नंतर. संडास धुवायचं काम मागून घ्यायची आणि धुताना दार सताड उघडं ठेवायची. आमची बायको म्हणायची, "मुआसिमबाईंसारखं नम्र होणं आपल्याला नाही बाई जमायचं. दमायला होतं."

मठात सणावाराला सगळ्याजणी चार वाडग्यांचं जेवण जेवतात. जेवण झालं की मुळ्याच्या लोणच्याची एक फोड घेऊन, कोमट पाण्याने आपले वाडगे आपणच पुसून काढायचे आणि ते पाणी पिऊन टाकायचं. मग शेवटचं स्वच्छ पाणी सगळ्यांनी एकाच बादलीत ओतायचं. ते भुकेल्या भुतांसाठी. त्यांचा गळा सुईएवढा. त्या पाण्यात मिरचीचा एक कण जरी राहिला तरी त्यांची आग आग होते. म्हणून बादलीत कण दिसला, की रांगेतल्या सगळ्यांनी ते पाणी वाटून प्यायचं. कण कुणाचा का असेना.

कण दिसला रे दिसला, की वहिनी चटईवर पालथी.

"माझा! माझाच आहे तो! मी पापिणी, मी आंधळी, माझ्यामुळे सगळ्यांना त्रास!"

आता हिचा वाडगा मी पाहिला आहे. मांजराने चाटला असता तरी इतका स्वच्छ झाला नसता. पण दर वेळी हीच पालथी. एकदा थोरल्या सुनीमना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "एवढ्या बायकांत कण एक, आणि तोही तुलाच हवा? बाकीच्यांसाठी काही ठेवशील की नाही?"

बायका हसल्या. वहिनीने तेही हात जोडून घेतलं, आणि सुनीमनी आपल्याला सगळ्यांसमोर कसं टोचलं, हे पुढे महिनाभर सगळ्यांना सांगत फिरली.

स्वयंपाकघरामागच्या ओट्यावर रांजणांची रांग असते. कशात मिरचीचं वाटण, कशात सोयाचं मुरलेलं पीठ. सगळ्यात मागे, पोटाशी एक चीर सांधलेला, एक बुटका रांजण. त्यात मूळ रस. दर वर्षी सोयाचा नवा रस तयार झाला की त्यात या जुन्यातला थोडा घालायचा, आणि नव्यातला थोडा याच्यात, विरजणासारखं. मठाची चव म्हणजे तो रांजण. त्यावर मोज्याच्या आकाराचा पांढरा कागद उलटा चिकटवलेला, कीड आणि दृष्ट दोन्ही लागू नयेत म्हणून. त्याचं झाकण काढणं, त्याला ऊन दाखवणं आणि पुन्हा झाकणं हे वहिनीचं काम. बाकी रांजण यांगिमकडे.

यांगिम म्हणजे स्वयंपाकघरातली दुसरी बाई. चाळिशीची, नवऱ्याने टाकलेली, तोंडात शब्द कमी. आपण चुकलोच असणार अशा समजुतीनेच ती सकाळी उठायची. तिला मठाशिवाय घर नव्हतं.

सोलला ऑलिम्पिक झालं, त्या वर्षीच्या उन्हाळ्याची गोष्ट. जिल्ह्याच्या उपासिका मंडळाने ठरवलं, की यंदाचा आदर्श उपासिकेचा मान मुआसिमबाईंना द्यायचा. कशाबद्दल? नम्रतेबद्दल! खांद्यावरून घालायचा रेशमी पट्टा आणि फोटो. वहिनी म्हणाली, "छे छे, माझी काय लायकी," आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने तालुक्याला शिंप्याकडे गेली. करड्या रंगाचा सगळ्यात साधा झगा शिवायचा होता. शिंप्याने दाखवलेला एकही कपडा तिच्या मनात भरेना. तो बिचारा नंतर माझ्याकडे चहाला आला तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, त्यांना साधं हवंय हो. पण ते साधं आहे हे लांबून दिसायला हवंय!"

ती शिंप्याकडे हात पसरून मापं देत उभी होती, तेव्हा डोंगरावर आभाळ काळं झालं आणि धो धो सर कोसळून गेली.

यांगिमने धावत येऊन आपले सगळे रांजण झाकले. मागच्या बुटक्या रांजणाकडे तिने पाहिलंही नाही. त्याला हात लावलास तर हात तोडीन, असं वहिनीने तिला बजावून ठेवलं होतं. वहिनी बसमधून उतरून वर आली तेव्हा मूळ रस काठोकाठ भरून ओसंडत होता. वर पाणी, खाली रस, मध्ये एक मेलेला मुंगळा. आणि झाकण शेजारी उताणं, सकाळी तिनेच ठेवलं होतं तसं.

बायका गोळा झाल्या. मुख्य आचारीणबाई म्हणाल्या, "मुआसिमबाई, तुम्ही तर झाकून गेला होतात ना?"

आता इथे बघा. मिरचीच्या कणासाठी पालथी पडणारी ही बाई. न केलेल्या चुका पदरात गोळा करत फिरणारी. तिच्या तोंडातून शब्द आला तो एवढाच:

"हो. झाकून गेले होते."

मग सगळ्यांच्या माना यांगिमकडे वळल्या. यांगिमने रांजणाकडे पाहिलं, आपल्या हातांकडे पाहिलं, आणि म्हणाली, "मग माझ्याच हातून उघडलं असेल. मला आठवत नाही, पण मीच असेन." पालथी पडली नाही, काही नाही. आत जाऊन भांडी घासायला बसली.

दोन दिवसांत डोंगराखाली सगळ्यांना कळलं की यांगिम जाणार. कोणी जा म्हटलं नव्हतं. तीच म्हणाली, माझ्या हाताने शंभर वर्षांचा रस गेला, मी कोणत्या तोंडाने इथे भात खाऊ. पुसानला कुठल्यातरी मासळीच्या कारखान्यात कामाला जाणार होती. पौर्णिमेची सभा झाली की निघणार.

या सभेत आमच्या मठाचा एक रिवाज आहे. ज्याच्या हातून जे चुकलं असेल ते उठून सगळ्यांसमोर सांगायचं. थोरल्या सुनीमनी स्वयंपाकघरातल्या बायकांनाही त्यात बसवलं होतं. बहुतेक जणी डुलकी लागली, राग आला, असलं काहीबाही सांगून खाली बसतात.

सभेच्या आदल्या दिवशी भर दुपारी वहिनी माझ्या दुकानात मागच्या दाराने आली. आम्ही ओकच्या फळांच्या पिठाची वडी विकतो, खरवसासारखी थरथरणारी. मी ती कापत होतो, बायको चटणी कालवत होती. वहिनी फळीवर बसली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. झाकण, शिंपी, 'हो, झाकून गेले होते,' सगळं.

मी सुरी खाली ठेवली. थट्टा करायची इतकी चांगली संधी आयुष्यात आली नव्हती, आणि मी फडक्याला हात पुसत बसलो.

ती म्हणाली, "उद्या सभेत सांगायचं ठरवलंय."

"मग सांगा की, वहिनी. इथे कशाला आलात?"

"ते नीट निघत नाही तोंडातून. ऐका." ती उठली, पदर सावरावा तसा झगा सावरला, डोळे मिटले. "हे करुणामयी! या अधम, या पापिणीच्या, युगायुगांच्या अहंकाराने..."

"थांबा," बायको म्हणाली. "रांजण कुठाय?"

"येतोय ना पुढे."

"युगं आधी आणि रांजण नंतर?"

वहिनी चिडली. पुन्हा सुरुवात. या वेळी अश्रूही आले, आणि आवाज असा चढला की पायवाटेवरून जाणारे दोघे यात्रेकरू थांबून आत डोकावले. मी म्हटलं, "वहिनी, या पापात तुम्ही इतक्या उंच दिसताय की खालून बघणाऱ्यांची मान दुखेल. उद्या सभा संपेपर्यंत सगळ्या तुमचंच कौतुक करतील. मुआसिमबाई बघा, पाप करावं तर असं!"

"भावजी, तुमची जीभ सडेल."

"सडू दे. यांगिमचं नाव अजून आलं नाही त्यात."

ती पुन्हा फळीवर बसली.  मग म्हणाली, "मला येतच नाही हो लहान बोलायला." असं ती म्हणाली, आणि मला माझ्या चुलत्याच्या अंगणात घागर घेऊन उभी असलेली, शेवटची म्हणून हाका खाणारी पोरसवदा नवरी आठवली. लहानपण तिला इतकं मिळालं होतं, की पुन्हा त्यात शिरायला जीव घाबरत होता. मोठी पापीण व्हायला तयार, पण विसराळू बाई व्हायला नाही.

बायकोने चटणीचा लाकडी चमचा हातात घेतला. "असं करू. तुम्ही काय केलंत तेवढं सांगा. तुम्ही कोण आहात ते सांगायचं नाही. 'मी अशी, मी तशी' आलं की मी चमचा आपटणार."

मग आमच्या दुकानात जे सुरू झालं! वहिनी म्हणायची, "मी अभागिनी," ठक्क. "माझ्यासारख्या मूर्ख," ठक्क. "मला क्षमा मिळणार नाही हे मला," ठक्क ठक्क. गिऱ्हाईक आलं, वडी खाऊन गेलं, दुसरं आलं. वहिनीच्या कपाळावर घाम. पोती चढवताना दिसायचा तसा जबडा घट्ट आवळलेला. ती हटली नाही. एकेक शब्द उपसून टाकत गेली, विहिरीतला गाळ काढावा तसा. उन्हं कलली तेव्हा खाली एवढंच उरलं:

"झाकण मी उघडं ठेवलं. यांगिमने नाही. मी खोटं बोलले."

बायकोचा चमचा हवेतच राहिला.

"एवढंच?" वहिनीने विचारलं. तिचा चेहरा असा झाला होता, जणू बाजारात कोणी तिचे केस कापून नेले.

दुसऱ्या दिवशी मी सभेला वडीची परात घेऊन गेलो आणि मागे खांबाला टेकून बसून राहिलो. वडी काय, कोणीही पोचवली असती. यांगिम दाराशीच बसली होती, शेजारी कापडात बांधलेलं गाठोडं. एकीने डुलकी सांगितली. एकीने रागाचं सांगितलं. मग वहिनी उठली.

थोरल्या सुनीमना दिसत नव्हतं. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोण बोलतंय?"

वहिनीचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता मुआसिम ऐकू येणार.

"माल्सुन," ती म्हणाली. "बुटक्या रांजणाचं झाकण मी उघडं ठेवलं. यांगिमने नाही. मी खोटं बोलले."

थोरल्या सुनीमनी विचारलं, "अजून काही?"

आणि इथे मी खांब सोडून पुढे सरकलो. कारण वहिनीचे ओठ मिटून पुन्हा उघडत होते, त्यांच्यावर 'मी पा...' तयार होत होतं, गुडघे चटईकडे वाकायला लागले होते. सगळं अंग पालथं पडायला आसुसलं होतं. माझ्या कानात चमचा आपटल्याचा भास झाला. तिच्याही झाला असावा. तिने गुडघे सरळ केले. पोतं पाठीवरून खाली ठेवावं तसे खांदे सोडले.

"नाही," ती म्हणाली.

"मग बस. पुढची."

बस, इतकंच. विजा पडल्या नाहीत. कोणी हुंदका दिला नाही, कोणी वा म्हटलं नाही. पुढच्या बाईने आपण चोरून मध खाल्ल्याचं सांगायला सुरुवात केली. मध्येच दाराशी यांगिमचा आवाज आला, स्वतःशी बोलावं तसा: "म्हणजे मी नव्हते होय?" आणि तिने गाठोडं पायाने मागे, भिंतीकडे सरकवलं.

बायकांनी वहिनीला सोडलं नाही, ते आलंच. उतरताना पायवाटेवर पंधरा दिवस दुसरा विषय नव्हता. वहिनीला गिळायचा खरा घास पुढेच होता. मूळ रसाचं विरजण पुन्हा कुठून आणायचं? तर आमच्याच परसातून. आमच्या बायकोने फार पूर्वी, वहिनी मठात यायच्या आधी, तिथून वाडगाभर रस आणून आपला रांजण लावला होता, आणि वहिनी गेली कित्येक वर्षं त्याला 'भांडी धुतलेलं पाणी' म्हणत आली होती. ती स्वतः वाडगा घेऊन आली. बायकोने रस ओतला. वहिनीने बोट बुडवून चाखलं, आणि बराच वेळ तोंड हलवत राहिली.

"कसा आहे?" बायको म्हणाली.

"चांगला आहे," वहिनी म्हणाली. दात ओठ खाऊन म्हणाली, पण म्हणाली.

बुटका रांजण यांगिमकडे गेला. वहिनी शेजारी उभी राहून तिला सांगू नये ते न सांगण्याची जी शिकस्त करायची, ती बघण्यासाठी मी मुद्दाम वर चढायचो. रेशमी पट्ट्याचं तिने सुनीमना विचारलं, की नाकारू का? सुनीम म्हणाल्या, "नाकारलास तर दुप्पट बोलतील. जा, घे, आणि जेवायच्या वेळेपर्यंत परत ये, कांदे चिरायचे आहेत." म्हणून ती जुन्याच झग्यात गेली, फोटोत डोळे मिटले, आणि कांद्यांच्या वेळेला परत आली. शिंप्याकडचा नवा झगा तिने यांगिमला दिला. तो दिला हे मला चार वेळा सांगितलं. माणूस एका पौर्णिमेत बदलत नाही.

हेमंतात वाडग्यांचं जेवण होतं. मी वडी घेऊन गेलो होतो, खांबाशी बसलो. बादली फिरून आली. वाढणारीने आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "कण आहे."

सगळ्या माना सवयीने वहिनीकडे वळल्या. दोघीतिघींनी तिला पालथं पडायला जागा म्हणून आपले वाडगे बाजूलाही सरकवले.

वहिनीने आपला वाडगा उचलला. डोळ्यांजवळ नेला, फिरवून फिरवून आतून पाहिला, बोटाने कड पुसली.

"माझा नाही," ती म्हणाली.

 मग वरच्या टोकाकडून, चटईच्या मानाच्या जागेवरून, थोरल्या सुनीमचा आवाज आला. "माझा असेल. मला हल्ली दिसत नाही."

पाणी वाटलं गेलं. सगळ्यांनी प्यायलं. वहिनीनेही आपला घोट घेतला, शेजारणीएवढाच, आणि तोंड पुसून म्हणाली, "तिखट आहे."

परत निघताना मी पायवाटेवरून हाक मारली, "माल्सुन वहिनी!"

ती थांबली. वळली. "मुआसिम म्हणा, भावजी," ती म्हणाली, "किती वेळा सांगायचं?" पण वळली होती.